ऐंशी किलोच्या आत

ज्यांना डॉक्टरांनी "आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन" असं सांगून घरी धाडलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना झालेल्या चुका सुनेनं दुरुस्त केल्या आहेत, पण बोलणं माझं आहे. तिच्याशी मी वाईट वागले तेही यात आहे. ते काढू का म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, "राहू द्या की. खरंच हाय."

गोळा

बेंबीच्या वर लिंबाएवढा गोळा आला होता. उभी राहिले की बाहेर यायचा, आडवी झाले की आत जायचा. दुखत नव्हता. मी त्याला गॅस समजून दोन वर्षं काढली. ओवा खाल्ला, हिंग चोळला. गोळा पेरूएवढा झाला तेव्हा एकदा लुगडं नेसताना सुनीतानं बघितलं. सुनीता म्हणजे माझी सून. माझा मुलगा संजय फौजेत आहे, सीमेवर. घरात मी, ती आणि दोन नातवंडं. आमचं गाव कडेगावजवळ. घरचा ऊस आहे, एक म्हैस आहे.

"हे कवापासनं हाय आत्या?" तिनं विचारलं.

"हाय बरेच दिवस."

दुसऱ्या दिवशी ती मला सांगलीला घेऊन गेली.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. त्यांनी मला खोकायला लावलं, गोळ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हर्निया आहे आजी. पोटाच्या भिंतीला भोक पडलंय. त्यातनं आतडं बाहेर येतंय."

"मग शिवून टाका."

त्यांनी मला काट्यावर उभं केलं. ब्याण्णव किलो. मी पाच फूटही उंच नाही.

"आत्ता शिवलं तर टिकणार नाही," ते म्हणाले. "पोटावर एवढी चरबी असताना आत जाळी बसवली तर जखम चिघळते, जाळी सुटते. शिवाय तुम्हाला साखर आहे. भूल द्यायलाही धोका. ऐंशीच्या आत या. मग मी हात लावतो."

"किती दिवस लागतील?"

"सात-आठ महिने. घाई करायची नाही. उपाशी राहून उतरवलेलं चालणार नाही मला."

"आणि तवर?"

"तोवर गोळा बाहेर आला की आडवं व्हायचं आणि हळू आत ढकलायचा. ज्या दिवशी तो आत जाणार नाही, दगडासारखा होईल, उलटी होईल, त्या दिवशी हातातलं काम टाकून इथं यायचं. आतडं अडकलं की रक्त बंद होतं. मग काही तासच असतात हातात. आणि तेव्हा मला तुम्ही ब्याण्णव किलोच्या असलात तरी कापावं लागेल."

बाहेर आल्यावर सुनीता रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी मनात रस्ता मोजत होते. आमच्या गावातनं सांगलीला यायला दीड तास. वाटेत ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागल्या तर दोन.

काटा

त्याच दवाखान्यात आहाराच्या बाई होत्या. वयानं सुनीताएवढ्या. त्यांनी मला दिवसाला तेराशे कॅलरी सांगितल्या. मी म्हटलं, मला ते कळत नाही. त्या म्हणाल्या, "आजी, चुलीत रोज जेवढं जळण लागतं त्यापेक्षा थोडं कमी घालायचं. मग अंगावर साठवून ठेवलेलं जळण वापरावं लागतं. पण थोडंच कमी. एकदम बंद केलं तर तुम्ही अंथरुणाला लागाल." मला हे पटलं. जळणाचा मला आयुष्यभराचा अनुभव आहे.

त्यांनी एक छापील कागद दिला. कशात किती कॅलरी ते त्यावर होतं. सुनीतानं स्वयंपाकघरात ठेवायचा लहान काटा आणला. कागदावर एक भाकरी म्हणजे पन्नास ग्रॅम पीठ असं होतं. मी नेहमीसारखं एका भाकरीचं पीठ घेतलं आणि काट्यावर ठेवलं, तर ते एकशेतीस ग्रॅमच्या वर भरलं. आमच्यात भाकरी ताटाएवढी असते. अशा मी दोन वेळेला मिळून पाच खात होते. म्हणजे कागदाच्या हिशेबानं तेरा.

सुनीता हसली. तिच्या हसण्याचा मला राग आला.

मग रोजचं ठरलं. पीठ मोजायचं, डाळ मोजायची, तेल चमच्यानं घालायचं, चहात साखर नाही. सुनीता मोजणार आणि मी वहीत लिहिणार. भूक लागायची. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ सर्वांत वाईट. तेव्हा मी अंगणात फेऱ्या मारायचे, नाहीतर ताकात पाणी घालून प्यायचे. भूक पहिले तीन आठवडे जास्त असते, नंतर कमी होते. पूर्ण जात नाही. जाते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि सारखं पोटाकडं लक्ष. सकाळी उठताना एका कुशीवर वळून उठायचं. शिंक आली की दोन्ही हातांनी गोळा दाबायचा. बादली उचलायची नाही. दिवसातनं चार वेळा खाटेवर पडून तो आत ढकलायचा आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता नाही गेला तर?

तेलाच्या डब्यावरची खूण

सहा आठवडे झाले. वजन साडेएक्याण्णव. अर्धा किलो. या हिशेबानं बारा किलो उतरायला तीन वर्षं लागली असती.

वही मी चारदा वाचली. माझं काही चुकलेलं दिसत नव्हतं. मग चूक मोजणाऱ्याची, असं मी ठरवलं.

त्यात शालननं भर घातली. शालन माझी जाऊ, शेजारच्याच घरात राहते. ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "आक्का, सून काट्यावर मोजून वाढती म्हणं तुला. आमी म्हशीला बी येवढं मोजून घालत न्हाई गं."

"डाक्टरनं सांगितलंय."

"डाक्टरनं सांगितलंय तर मग उतरत का न्हाई? तेल कोण घालतंय भाजीत, तू का ती?"

ते डोक्यात बसलं. मी तेलाच्या डब्यावर खडूनं रेघ मारायला लागले. सुनीता भाजी टाकत असली की मागं जाऊन उभी राहायचे.

"किती घातलंस?"

"दोन चमचे."

"चमचा कुठला?"

"तुमच्या डोळ्यापुढंच हाय की, आत्या."

आठ दिवस हे चाललं. एके दिवशी सकाळी रेघेच्या खाली तेल जास्त उतरलेलं दिसलं. मुलांना आदल्या दिवशी भजी केली होती, ते मला माहीत होतं. तरी मी बोलले. काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "मी मेले की घर मोकळं व्हईल तुला. घाल तेल, घाल अजून."

सुनीतानं गॅस बंद केला. काटा उचलून माझ्यापुढं ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

"आता तुमचं तुमी मोजा. म्हंजे चोर सापडंल."

मुलांना शाळेची सुट्टी होती. दुपारच्या एसटीनं ती त्यांना घेऊन माहेरी आटपाडीला गेली. मी तिला थांबवलं नाही.

दगड

चौथ्या दिवशी सोमवार होता. दुपारी फळीवरचा डबा काढायला मी हात वर केला आणि पोटात काहीतरी सटकलं. गोळा एकदम नारळाच्या वाटीएवढा बाहेर आला. मी खाटेवर पडले, गुडघे वर घेतले, ढकलला. गेला नाही. पुन्हा ढकलला. बोट लावलं तरी जीव कळवळायला लागला. दगड झाला होता.

घरात कुणी नव्हतं. मी भिंतीवर तांब्या आपटून शालनला हाक मारली. ती आली, माझं तोंड बघितलं आणि नवऱ्याला गाडी काढायला सांगितलं. गाडीत माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. पलूसच्या पुढं मला उलटी झाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आवं, जरा दाबा की."

मी मरणाला भीत नाही असं आजवर सांगत आले होते. ते खोटं होतं. त्या गाडीत मला लय भीती वाटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी खाटेची पायाकडची बाजू उंच केली, इंजेक्शन दिलं आणि स्वतः हात ठेवून हळूहळू दाबत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. त्यांच्या कपाळावर घाम आलेला दिसत होता. मग पोटात गुडगुडलं आणि गोळा आत गेला.

ते स्टुलावर बसले. "आज गेला," म्हणाले. "पुढच्या वेळी जाईल याची खात्री नाही."

मला दोन दिवस ठेवून घेतलं. वजन केलं. डॉक्टर काट्याकडं बघत म्हणाले, "दोन महिने होत आले. आजी, ऑपरेशन हवंय का नको?"

संध्याकाळी सुनीता आली. शालननं फोन केला होता. मुलांना आटपाडीलाच ठेवून ती एसटीनं परस्पर सांगलीला आली होती. उशाशी पाण्याची बाटली ठेवली आणि खाली चटई टाकली.

कोरे दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी आहाराच्या बाई आल्या. वही घरून आणायला सुनीतानं शालनच्या नवऱ्याला लावलं होतं. बाई पानं उलटत गेल्या. आधी भुवया वर करून, "छान लिहिलंय," म्हणाल्या. मग एका पानावर थांबल्या.

"शनिवारी काही लिहिलं नाही?"

"उपास."

"सोमवारी?"

"सोमवारी बी उपास."

वहीत त्या दिवसांवर मी नुसतं 'उपास' लिहून खाली रेघ मारली होती. जेवले नाही तर लिहायचं काय?

"म्हणजे दिवसभर काही खात नाही?"

"उपासाचं खाते की."

"काय काय? कालचं नको, त्याच्या आधीच्या शनिवारचं सांगा."

मी सांगितलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, ताटलीभर. त्यात दाण्याचा कूट दोन मुठी, तूप पळीभर. दुपारी राजगिऱ्याचे दोन लाडू, दोन केळी. संध्याकाळी वरई आणि दाण्याची आमटी. झोपताना म्हशीचं दूध पेलाभर, साखर घालून, कारण उपासानं अशक्तपणा येतो.

बाई कागदावर आकडे लिहीत होत्या. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडं वळवला. बावीसशेच्या वर गेलं होतं.

"आठवड्यातनं दोनदा," त्या म्हणाल्या. "शिवाय चतुर्थी, एकादशी. पाच दिवस तुम्ही उतरवता आणि दोन दिवसांत परत भरता."

मी सुनीताकडं बघितलं. ती खिडकीतनं बाहेर बघत होती.

"तुला म्हाईत होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

आता ती वळली. "कसं बोलू? शनिवार तुमी कुणासाठी धरलाय?"

सोमवार मी लग्नापासून नवऱ्यासाठी धरायचे. ते गेले तरी सोडला नाही. शनिवार संजयसाठी. त्याला पहिल्यांदा बर्फात पाठवलं तेव्हापासून. सुनीता त्याची बायको. त्या उपासावर तिनं बोट ठेवलं असतं आणि उद्या तिकडं काही झालं असतं तर? मी तिला जन्मभर तोंडावर ऐकवलं असतं. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी म्हणाले, "तेलाचं मी बोलले ते चुकलं."

"मरायचं बोलला ते?"

"ते बी."

"बरं," ती म्हणाली.

मग मी बाईंना म्हटलं, "शनिवारी आता काहीच खात न्हाई. खरा उपास करते."

"साखरेच्या गोळ्या चालू आहेत तुमच्या," बाई म्हणाल्या. "चक्कर येऊन पडाल. आणि पडाल त्या पोटावरच."

"मग सोडू उपास?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत सुनीता म्हणाली, "सोडायचा कशाला? मोजायचा."

मोजलेला शनिवार

पहिल्या शनिवारी सुनीतानं पन्नास ग्रॅम वरई मोजली. वाटीच्या तळाला होती. बरोबर दही, काकडी. तूप एक चमचा. तसंच परत संध्याकाळी. देवापुढं बसले तेव्हा मला लाज वाटली. देवाला मापानं दिल्यासारखं वाटत होतं.

त्याच आठवड्यात संजयचा फोन बंद झाला. तो दर रविवारी करायचा. रविवार गेला, सोमवार गेला. लावला तर लागत नव्हता. असं पूर्वीही व्हायचं, पण पूर्वी माझा शनिवार मोजलेला नव्हता. पुढचा शनिवार आला. मी सुनीताला म्हणाले, "आज काटा नको काढू."

तिचं तोंड उतरलेलं होतं. नवरा तिचा होता. तिनं काटा काढला. वरई घातली. पन्नासला थांबली. म्हणाली, "त्यो तिकडं सुखरूप असंल तर त्याला आल्यावर आई लागंल का न्हाई?"

मी ती वाटी खाल्ली. मंगळवारी फोन आला. दहा दिवस बर्फानं रस्ता आणि टॉवर दोन्ही बंद होते. त्याला यातलं काही सांगितलं नाही. तुम्हालाही मी उपास सोडा की धरा, हे सांगत नाही. खाल ते लिहा, एवढंच सांगते. उपासाचं, प्रसादाचं, लग्नातलं, नातवाच्या ताटात उरलेलं, सगळं लिहा.

त्यानंतर वजन हलायला लागलं. आठवड्याला चारशे ग्रॅम, कधी तीनशे. एक आठवडा उलटं वाढलं. एकदा महिनाभर आकडा जागेवर बसून राहिला. मी म्हटलं, आता हजारावर आणू. सुनीता म्हणाली, "बाईंनी तेराशे सांगितलंय. तेराशेच." तिनं ऐकलं नाही आणि तेच बरं झालं. पाचव्या आठवड्यात दीड किलो एकदम कमी दिसलं.

वडूजला भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत आग्रह सुरू झाला. मी ताटावर हात आडवा धरून बसले. एक विहीणबाई म्हणाल्या, "आवं घ्या की, सुनंला भिऊन बसलाय व्हय?" माझ्या आधी शालननं उत्तर दिलं, "व्हय, लय भित्यात. तुमी वाढा पुढं." मी एक जिलबी खाल्ली आणि घरी येऊन लिहिली.

दोनदा गोळा अडकल्यासारखा झाला. दोन्ही वेळा सुनीता गाडीसाठी धावली आणि दोन्ही वेळा गाडी दारात यायच्या आत तो गेला. दर वेळी वाटायचं, अजून पाच किलो राहिलेत, तीन राहिलेत, एवढ्यातच घात होणार.

आत

नऊ महिने गेले. सांगलीच्या काट्यावर चढताना मी चपला काढल्या. पाटल्या तर आधीच ढिल्या होऊन घरी ठेवल्या होत्या. एकोणऐंशी किलो सहाशे ग्रॅम. डॉक्टरांनी पुन्हा एकदा उतरून चढायला लावलं. तेवढंच आलं.

"पोट मऊ पडलंय," ते तपासून म्हणाले. "आता करता येईल. गुरुवारी."

संजयला रजा मिळाली नाही. ऑपरेशनच्या कागदावर सुनीतानं सही केली. काय झालं तर दवाखाना जबाबदार नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं. तिनं ते दोनदा वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. नंतर डॉक्टरांनी सुनीताला सांगितलं की आतड्याचा एक पदर भोकाच्या कडेला चिकटला होता. आणखी काही दिवस गेले असते तर तो मेलेला मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आली. "आजी, खोकायचं," म्हणाली. "छातीत कफ साठता कामा नये."

मी नाही म्हटलं. गेले नऊ महिने मी खोकला आला की श्वास कोंडून धरायचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. टाके ताजे होते. आत एक जाळी होती आणि ती मी बघितलेली नव्हती.

"खोकावंच लागेल," नर्स म्हणाली.

सुनीतानं माझी उशी काढून माझ्या पोटावर धरली आणि तिच्यावर स्वतःचे दोन्ही हात दाबून ठेवले.

"खोका आत्या. मी धरलंय."

मी खोकले. जीव जाईल एवढं दुखलं. मग मी उशीखाली हात घातला आणि चाचपून बघितलं. पट्टी होती, पट्टीखाली पोट होतं. बाहेर काही आलं नव्हतं.

"अजून एकदा," नर्स म्हणाली.

मी परत खोकले.